कपाटातली बिट्टी

टिणकन आवाज झाला. मग फरशीवरून काहीतरी गरगरत गेलं, थोडं डुगडुगलं आणि आडवं पडलं.

कपाटात बसलेल्या तिने डोळे गच्च मिटून घेतले. बटण. कोटाचं, पितळी. सहा मिनिटं ती एका दमात, कुठेही न अडखळता बोलली होती आणि नेमकं शेवटच्या वाक्याला बाहेर पोरीच्या हातून बटण सुटलं होतं.

"सॉरी आई." दाराच्या फटीतून आवाज आला. आणि जरा वेळाने, त्याहून बारीक, "सॉरी मी मोठ्यांदा म्हटलं का गं?"

"नाही. खेळ तू. फक्त आवाज नको."

"किती वेळ नको?"

"मी बाहेर येईपर्यंत."

बाहेर पलंगावर मुंगी बसली होती. शाळेच्या दप्तरावर तिचं नाव वेगळं होतं, पण जन्मली तेव्हा इतकी चिमुकली होती की बापाने पहिल्या दिवशी मुंगी म्हटलं आणि तेच चिकटलं. आता ती पाच वर्षांची होती. रोज दुपारी शाळेतून आली, जेवली, की तिच्यासमोर बटणांचा पत्र्याचा डबा यायचा आणि आई कपाटात जायची. त्याआधी आई घरभर फिरून एकेक गोष्ट बंद करी. पंखा बंद, खिडक्या बंद. फ्रीजची घरघर माईक लगेच उचलतो, म्हणून फ्रीज बंद. आणि मुंगी बंद.

भिंतीतलं ते कपाट उंच होतं. नवऱ्याने खालचे दोन कप्पे काढून त्यात एक बुटकं स्टूल बसवून दिलं होतं. तिन्ही बाजूंनी रजया आणि जाड कोट टांगले होते, म्हणजे आवाज घुमत नाही. माईक बुटांच्या खोक्यावर. दार लावून घेतलं की आत डांबरगोळ्यांचा वास, मांडीला मांडी लागेल एवढीच जागा, आणि ती एकटी. पाच वर्षांत तिला मिळालेली ही पहिली खोली.

लग्नाआधी तिची कथांची दोन पुस्तकं आली होती. फार नाव झालं असं नाही, पण ज्यांना कळतं त्यांनी नाव घेतलं होतं. मग मुंगी झाली आणि लिहिणं जे थांबलं ते थांबलंच. घरबसल्या एक काम मिळालं होतं, औषधांच्या खोक्यात घडी करून घातलेलं पातळ कागदाचं पत्रक असतं ना, त्यातल्या चुका तपासायचं. मळमळ, चक्कर, अंगावर पुरळ, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. हे असं वाचून वाचून तिचे डोळे दुखायचे आणि स्वतःची वाक्यंही तशीच होत चालली आहेत की काय, अशी भीती वाटायची. तरी चोरूनमारून तिने तिसऱ्या पुस्तकाचं बाड पुरं केलं. ते प्रकाशनातल्या संपादक बाईंनी परत पाठवलं. फोनवर त्या अगदी मायेने बोलल्या, आणि तेच जास्त लागलं.

"कथा चांगल्या आहेत गं, पण कोरड्या ठणठणीत. आता आई झालीस तू. ते कुठे दिसतच नाही त्यात."

ते तिच्या जिव्हारी लागलं. चार दिवस ती कोणाशी धड बोलली नाही. पाचव्या दिवशी तिने ठरवलं की कोणा बाईंच्या परवानगीची गरजच नाही. आपल्याच आवाजात, आपलंच बोलायचं. पाहुणे नाहीत, गाणी नाहीत, हास्यविनोद नाही. एक बाई आणि तिचा विचार, बास. पॉडकास्टचं नाव ठेवलं 'खालच्या आवाजात'. आणि स्वतःला मुदत दिली, दहा भाग. दहाव्या भागापर्यंत काही झालं नाही तर पुन्हा स्वतःला लेखिका म्हणवून घ्यायचं नाही. कोणी विचारलं तर सांगायचं, पत्रकं तपासते.

सासूबाईंनी पहिला भाग ऐकला तो चहा पिता पिता, फोन टेबलावर उभा करून, आवाज फुल्ल. त्या टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्या होत्या. तीस वर्षं कानाला हेडफोन आणि तोंडासमोर भोंगा, त्यामुळे आवाज हा आपला प्रांत, अशी त्यांची पक्की समजूत होती.

"बरं बोलतेस," त्या म्हणाल्या. "पण वाक्य संपताना खाली बसतेस. समोरच्याला वाटतं लाईन कटली."

"अहो आई, ते मुद्दाम आहे. शांत वाटावं म्हणून."

"असेल बाई. आमच्याकडे शांत वाटलं की हॅलो हॅलो करायचे."

तीन भाग झाले. एकात ती हरवलेल्या शब्दांबद्दल बोलली, एकात टेबल नसलेल्या माणसाने कुठे लिहावं याबद्दल, एकात परत आलेल्या पाकिटाबद्दल. खरंखुरं, जपून, तोलून मापून बोलली. ऐकणारे सतरा.

"त्यातले तीन मीच," सासूबाई म्हणाल्या. "एकदा ऐकायला, एकदा कळायला आणि एकदा झोप लागावी म्हणून."

नवरा फिस्सकन हसला आणि तिचा चेहरा बघून घाईघाईने पाणी प्यायला लागला.

चौथ्या भागाचा दिवस उजाडला तो वाईटच. दुपारी ती मुंगीला शाळेतून घेऊन परतत होती. कोपऱ्यावरच्या रोपांच्या दुकानदाराने कुंड्यांवर पाणी मारलं होतं, ते वाहत फुटपाथवर आलं होतं, आणि त्या ओल्या पट्ट्यावर एक गोगलगाय निघाली होती. मुंगी उकिडवी बसली.

"आई, हिला घर जड होतं का गं?"

"चल."

"बघ ना, शिंगं आत घेतली. पुन्हा काढेल. थांब ना."

"मुंगे, चल म्हटलं ना. मला काम आहे."

"एकदाच काढू दे तिला."

सासूबाईंची बाहेर जाण्याची वेळ दीड ते अडीच, वरच्या मजल्यावरच्या मुलांच्या उड्या तीनपासून. सासूबाई नसतील तेवढ्या तासाभरात रेकॉर्डिंग झालं तर झालं. तिने पोरीचा दंड धरला आणि तिला उचललंच. पोरीचा एक पाय हवेत, एक फरपटत. दोघी जिन्यापर्यंत तशाच आल्या. मुंगी रडली नाही. फक्त दंडावर हात फिरवत राहिली.

मग ती कपाटात बसली. दार लावलं. माईकचा लाल दिवा लागला. बोलायचं होतं एकांतावर, टिपणं काढलेली होती. पण तोंडातून भलतंच आलं.

"आज मी आणि माझी लेक बिट्टी एका गोगलगायीसाठी थांबलो," ती म्हणाली.

बिट्टी हे नाव कुठून आलं कोण जाणे. पोरीचं खरं नाव लोकांसमोर कशाला, असं तिने नंतर स्वतःला समजावलं. पण त्या क्षणी ते आपसूक आलं, आणि त्यामागून बाकीचं सगळं आलं. बिट्टी उकिडवी बसली. तिने विचारलं, हिला घर जड होतं का? आणि आईने दप्तर खाली ठेवलं, साडी सावरली, आणि तीही फुटपाथवर बसली. चाळीस मिनिटं. लोक वळसा घालून जात होते. एका माणसाने सायकल उचलून पलीकडे नेली. गोगलगाय पलीकडच्या कुंडीपर्यंत पोचली तेव्हा बिट्टी म्हणाली, आता तिला कोणी हात नको लावूया, ती दमली असेल.

शेवटच्या वाक्याला ती खरोखरच अडखळली. तेही रेकॉर्ड झालं. तिने तो भाग कापला नाही.

पोरीच्या वाट्याला जे आलं नाही ते तिने बिट्टीला दिलं होतं. हे तिला कळलंच नव्हतं असं कसं म्हणावं? कथाकार होती ती. एखादा प्रसंग जमला नाही तर तो फाडून पुन्हा लिहायचा, ही तिच्या हाताची सवय. फक्त आजवर ती सवय तिने कागदावर वापरली होती.

चौथा भाग हजार जणांनी ऐकला. कोणी कोणाला पाठवला, त्याने आणखी कोणाला. पाचव्या दिवसापर्यंत आकडा कुठल्या कुठे गेला. एका नर्सने लिहिलं, रात्रपाळी संपवून बसमध्ये ऐकलं, उतरायचं विसरले. एका बाईने लिहिलं, तुमचं ऐकून आज मी माझ्या मुलाला दारात बूट स्वतः घालू दिले, अकरा मिनिटं लागली, ऑफिसला उशीर झाला आणि मला काहीच वाटलं नाही. हे वाचताना तिने तोंडावर हात ठेवला. इतकं चांगलं तिच्या दोन्ही पुस्तकांनी मिळून कोणाचं केलं नव्हतं.

तेव्हापासून पद्धतच पडली. सकाळी जे बिघडेल ते दुपारी कपाटात दुरुस्त. मुंगीने चित्र आणून दाखवलं आणि तिने पत्रकावरची नजर न काढता "छान" म्हटलं, की दुपारी बिट्टीच्या चित्रातल्या प्रत्येक रेघेची चौकशी व्हायची. मुंगी पडली आणि "काही झालं नाही, ऊठ" ऐकून उठली, की दुपारी बिट्टीच्या गुडघ्यावर आई फुंकर घालत बसायची. जितकी सकाळ वाईट तितका भाग उत्तम. एखादी सकाळ बरी गेली तर कपाटात बसून तिला काही सुचायचं नाही, आणि मग दुपारी ती मुंगीवर विनाकारण चिडायची.

सासूबाईंनी चौथ्या भागानंतर आठवडाभर काही म्हटलं नाही. एक दिवस कपडे घड्या करता करता म्हणाल्या, "त्या दिवशी मी निघायला उशीर केला होता."

"कुठल्या दिवशी?"

"गोगलगायीच्या. गॅलरीत होते मी. खाली बघत."

तिच्या हातातली उशीची खोळ तशीच राहिली.

"चाळीस मिनिटं," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या एक्स्चेंजात एक बाई होती. घरी नवऱ्याशी उभा दावा, पण लाईनवर आली की असा आवाज लावायची की ट्रंककॉलवाले तिच्याचसाठी हटून बसायचे. आम्ही म्हणायचो, हिचा नवरा बूथवरून फोन करत असेल."

"आई, ही गोष्ट आहे. गोष्टीत थोडं इकडचं तिकडे होतंच."

"मग गोष्ट म्हण की. आज मी आणि माझी लेक, असं कशाला?" त्यांनी घडी केलेला फ्रॉक थोपटला. "मला काय त्याचं. मी ऐकते. बरं बोलतेस. आता वाक्य संपताना खालीही बसत नाहीस."

नवऱ्याचं तऱ्हेवाईकच. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. मोटारीच्या आवाजावरून कुठे काय घासतंय ते त्याला कळायचं, आणि ही विद्या तो घरातही चालवायचा. एकदा संध्याकाळी कानातले इअरफोन काढून तो म्हणाला, "मस्त आहे गं. पण मध्येच कुठेतरी घासतंय."

"माईक?"

"नाही. ते तळ्याकाठी तुम्ही पडून ढग मोजले, ते. कधी गेला होतात?"

"झालं मागे."

"मग मुंगीने मला सांगितलं कसं नाही? ती मला डब्यात किती घास उरले तेही सांगते."

"तू आता चौकशी करणार का माझी?"

"अगं, मी फक्त आवाज आला तो सांगितला," तो म्हणाला, आणि इअरफोनची वायर बोटाभोवती गुंडाळत बसला. तो वाईट माणूस नव्हता. कप्पे त्यानेच काढून दिले होते.

या सगळ्यात एक गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नाही. सासूबाई फोन फुल्ल आवाजात लावायच्या आणि त्यांच्या मांडीशी मुंगी बसलेली असायची.

आठव्या भागानंतरची दुपार. ती अंघोळ करून आली तर पलंगावर डबा उघडा, बटणं विखुरलेली आणि पोरगी नाही. कपाटाचं दार किलकिलं होतं. आतून कुजबुज येत होती.

"ये ना. आई अंघोळीला गेलीये. मी तुला काही नाही करणार. बिट्टी, तू बघ ना जरा बाहेर. माझ्याकडे हिरवी बटणं आहेत, तुला तीन देते. चार देते."

तिने दार उघडलं. मुंगी स्टुलावर, कोटांमध्ये तोंड खुपसून बसली होती. दचकली. लगेच म्हणाली, "मी माईकला हात नाही लावला."

"काय करतेस इथे?"

"बिट्टीला बोलवते."

"कोणाला?"

"तुझ्या बिट्टीला." मुंगीने अगदी समजूतदारपणे सांगितलं. यात लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटतच नव्हतं. "ती इथेच राहते ना? तू रोज येतेस तिच्याशी बोलायला. मला माहितीये. आजीच्या फोनमध्ये येतं सगळं. ती फार शहाणी आहे. ती घाई नाही करायला लावत तुला."

ती कपाटाच्या उंबऱ्याशी खाली बसली. ओल्या केसांतलं पाणी पाठीवरून ओघळत होतं.

"अगं वेडे, बिट्टी म्हणजे तूच."

मुंगीने जरा विचार केला. मग तिने मान हलवली. चुकीचं गणित दाखवणाऱ्या मोठ्या माणसाला लहान पोर जसं सांभाळून घेतं, तसं म्हणाली, "नाही आई. मला तू नव्हतंस थांबू दिलं. मी होते ना तिथे."

त्या दुपारी तिने फ्रीज बंद केला नाही. खिडक्याही लावल्या नाहीत. मुंगी आजीकडे झोपली तेव्हा ती कपाटात गेली आणि घडलं ते जसंच्या तसं बोलली. बिट्टी नाही. माझी मुलगी आहे, तिला मी दंडाला धरून ओढत नेलं. तिने बोलू नये म्हणून मी तिला बटणं दिली आणि आत येऊन तुम्हाला सांगितलं की मुलांचं ऐकावं. जी नर्स बसमधून उतरायचं विसरली तिची मी माफी मागते. ज्यांनी बूट घालू दिले त्यांनी मात्र घालू द्यावेत, ते माझ्यापेक्षा बरे आहेत. अकरा मिनिटांचं झालं ते. मागे फ्रीज घरघरत होता, खाली कोणी गाडी सुरू करत होतं. तिने पुन्हा ऐकलं. पाच वर्षांत तिने केलेलं हे सगळ्यात चांगलं लिखाण होतं. तिला लिहिता येत होतं. हे कळून तिला रडूच आलं. तिने फाईलवर लिहिलं, भाग दहा. नववा आधीच तयार होता, तो गेला की हा.

नववा भाग गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी संपादक बाईंचा फोन आला.

"अगं, काय करून ठेवलंस! आमच्या ऑफिसात सगळ्याजणी कानात घालून बसल्यात. मी म्हटलं नव्हतं, हे तुझ्यात आहे म्हणून? आता कुठे तू आई म्हणून लिहायला लागलीस."

"ते बाड वाचलंत का पुन्हा?"

"बाड असू दे. आधी बिट्टी. सगळे भाग पुस्तकात घेऊ. मुखपृष्ठावर तू आणि ती. खरा फोटो, चित्र नको. लोकांना ती खरी आहे हेच तर आवडलंय. पुढच्या सुटीच्या दिवशी आमचा फोटोग्राफर मोकळा आहे. आणि बिट्टीचं पुस्तक आलं की मग तुझं ते कोरडं बाडही काढू, माझा शब्द."

ती "हो" म्हणाली. विचार करून सांगते असं म्हणायचं होतं, पण "हो" म्हणाली.

"खरं काय ते सांगितलंस त्यांना?" नवऱ्याने विचारलं.

"सांगते. फोटोच्या दिवशी समोरासमोर सांगते. असं फोनवर कुठे."

त्याला घासल्याचं ऐकू येत होतं, पण तिला पुन्हा लेखिका झालेलं बघून इतका आनंद झाला होता की त्याने या वेळी कान आखडते घेतले.

सासूबाई मात्र बोलल्या. "पुस्तक काढ. मिरव. मी चार जणींना वाटेन. पण पोरीला नको नेऊस त्या फोटोला."

"अहो, एक फोटो तर आहे."

"एकच आहे म्हणूनच सांगते. तुझं तू कपाटात काय ते कर. तिला त्यात घालू नकोस."

"तुम्ही येता का बरोबर?"

"मी नाही येणार बाई. मला कामावर असतानाच तेवढं हसता यायचं, ते पण तोंड दिसत नव्हतं म्हणून."

सुटीच्या आदल्या दिवशी भाग दहा पाठवायचा होता. तिने फाईल उघडली. पहिलं वाक्य ऐकलं. मग थांबवलं. फोटो झाल्यावर पाठवू असा विचार केला. मग वाटलं, हा भाग मनात असला तर फोटोत आपला चेहरा बिघडेल. मग वाटलं, फाईल उद्या चुकून कोणाच्या हाती लागली तर? अशी एकेक पायरी ती उतरत गेली, प्रत्येक पायरीला कारण होतं, आणि तळाशी पोचली तेव्हा तिने फाईल पुसून टाकली. मग पंखा बंद केला, फ्रीज बंद केला आणि कपाटात जाऊन दहावा भाग केला. बिट्टीने विचारलं, आई, माझा फोटो काढला तर त्यात मला काय वाटतंय तेही येईल का? सात मिनिटं. एकदाही अडखळली नाही.

बाग मोठी होती, मधोमध तळं, कडेला कापलेलं गवत. संपादक बाई टोपी घालून आल्या होत्या आणि त्यांनी मुंगीचा गालगुच्चा घेतला. "हीच का ती आमची बिट्टी!"

मुंगीने आईकडे पाहिलं. आईने तळ्याकडे.

"हो," मुंगीच म्हणाली.

फोटोग्राफर काटकुळा, घाईतला माणूस होता. पाच-सहा फोटो काढून त्याने कॅमेऱ्यात बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "मॅडम, तुम्ही दोघी शाळेच्या फोटोला बसल्यासारख्या बसल्यात. माझी बायको ऐकते तुमचं. तुम्ही तिच्याशी बोलता ना, तसं बोला की. मी नाहीच असं समजा."

"काय बोलू?"

"आता हे मी सांगू?"

संपादक बाई लांबून हसल्या. वारा आला. मुंगीचे केस तिच्या तोंडावर आले, ते ती स्वतःच मागे सारायला लागली, आणि मग काय झालं कोण जाणे, आईने पुढे होऊन ते सारले. आणि तो आवाज लावला. कपाटातला.

"बघ," ती हळूच म्हणाली, "तळ्यात आपण दोघी उलट्या दिसतोय. तिथल्या मुलीला वर बघून काय वाटत असेल?"

मुंगीचं तोंड उघडंच राहिलं. हा आवाज तिने आजीच्या फोनमध्ये ऐकला होता, दाराच्या फटीतून ऐकला होता. स्वतःच्या तोंडावर कधी ऐकला नव्हता. तिचा चेहरा असा उजळला की फोटोग्राफर घाईघाईने गुडघ्यावर बसला.

"तिला वाटत असेल आपणच पाण्यात पडलोय," मुंगी म्हणाली.

"मग तिला कसं सांगायचं?"

"हळू सांगायचं. नाहीतर ती घाबरेल."

दोघी गवतावर आडव्या झाल्या. मुंगीचा प्रत्येक प्रश्न तिने ऐकला, प्रत्येकाला तिने उलट काही विचारलं. मुंग्या कुठे जातात, पानं गळताना त्यांना कळतं का, तळं खोल आहे की नुसतं काळं. अर्धा तास गेला. तिने एकदाही घड्याळ पाहिलं नाही, आणि मध्येच तिच्या लक्षात आलं की ती खोटं बोलत नाहीये. पोरीच्या केसांना उन्हाचा वास येत होता. इतकं सोपं होतं हे. हे असं रोज करता आलं असतं, फुटपाथवर, जिन्यात, पलंगावर. एवढंच तर होतं. कळलं तेही कॅमेऱ्यासमोर.

"झालं!" फोटोग्राफर ओरडला. "मॅडम, एकदम असली आलंय. असली ते असलीच." त्याने पिशवीची चेन लावली. संपादक बाई फोनवर कोणालातरी सांगत होत्या की मुखपृष्ठ मिळालं, अगदी मनासारखं. ती उठली, कपड्यांवरचं गवत झटकलं. बाईंना काहीतरी सांगायचं होतं, ते तिला आठवत होतं. तिने सांगितलं नाही.

"चल," ती म्हणाली. नेहमीच्या आवाजात. "उशीर झाला. आजी वाट बघत असेल."

मुंगी उठली नाही. गवतावर तशीच बसून तिने आईच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं, आत्तापर्यंत इथे असलेलं कोणीतरी कुठे गेलं ते शोधावं तसं. मग उभी राहिली, फ्रॉक नीट केला, बूट घातले, पट्टाही स्वतःच लावला, काही कुरकुर केली नाही. आणि आईचं बोट धरून, जवळ ओढून, कोणी ऐकू नये इतक्या हळू विचारलं,

"आई, घरी गेल्यावर पण मी बिट्टीच राहू का?"